तोंड लावलं की माल तुमचा

क्लॅरिनेट विकत घेताना वाजवून बघता येत नाही. पेटी बघता येते, तबल्यावर थाप मारता येते, टाळ तर दुकानदार स्वतःच आपल्या कानाशी आणून वाजवतो. पण क्लॅरिनेट काचेच्या कपाटात आडवं पडलेलं असतं, आणि ते बाहेर काढून तोंडाजवळ नेलं की दुकानदार आपलं मनगट धरतो. साताऱ्याच्या दुकानदाराने माझं धरलं.

"काका, तोंड लावायचं नाही."

"मग वाजतं का नाही कळणार कसं?"

"तोंड लावलं की माल तुमचा. उष्टा झाला तो. पुढचं गिऱ्हाईक हात लावेल का?"

"अहो, पण चांगलं-वाईट बघायला नको?"

"दात घासायचा ब्रश तुम्ही घासून बघून घेता का?"

दुकानात क्रिकेटच्या बॅटी होत्या, कॅरम बोर्ड होते, शाळांना द्यायच्या ढाली होत्या आणि त्या सगळ्याच्या मागे वाद्यं होती. तिथं उभं राहून मला एवढंच कळलं, की ज्या वस्तूत आपला श्वास जायचा ती वस्तू आपल्याला टोमॅटोएवढीही चाचपून घेता येणार नाही.

हा उद्योग मी माझ्या हौसेने काढला असं आमच्या कॉलनीत अजून समजतात. म्हातारपणी सुचलेलं खूळ, असाही एक शब्दप्रयोग कानावर आला. तसं नव्हतं. मला हे काम जैनुद्दीनने दिलं होतं.

जैनुद्दीन आणि मी माधवनगरच्या गिरणीत शेजारशेजारचे माग चालवायचो. पाळी सुटली की तो लाल कोट घालून बापाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला जायचा. कॅन्टीनमध्ये आम्ही एक चहा दोघांत घेत असू. मी बशीतला प्यायचो, तो कपातला. मला गरम सोसत नाही म्हणून बशी माझ्याकडे आली होती, बाकी त्यात काही नव्हतं. गिरणी बंद पडली तेव्हा मी मुलाकडे साताऱ्याला आलो आणि त्याने बँडच धरला. वर्षातून एकदा तो माझ्याकडे यायचा, एकदा मी त्याच्याकडे जायचो.

त्या वर्षी आला तो मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसला. आमच्या अंबूबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला निळ्या फुलाच्या कपात चहा आणून दिला.

"वैनी, माझा मानाचा कप अजून फुटला न्हाई व्हय?" तो म्हणाला. दर वर्षी हेच म्हणायचा.

अंबूबाई आत गेली. तो कप आमच्याकडे विजेच्या मीटरच्या पेटीवर असायचा. कप मीटरवर कशाला ठेवतात, हा प्रश्न मला पडला नव्हता. बायका कुठं काय ठेवतात यात मी लक्ष घालत नसे.

"सुमैराच्या लग्नात मला वाजवता यायचं न्हाई," जैनुद्दीन म्हणाला. "मांडवाच्या दारात पावण्यांचा हात धरायला बाप लागतोय. फरदीन म्होरनं वाजवील, पुतण्या हाय, तयार हाय. पर मागं सूर धरायला कोन न्हाई."

"तुझा तो दुसरा गडी कुठं गेला?"

"पुन्याला. वॉचमन झालाय. तितं शिट्टी वाजवतोय." मग त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तू धर."

"मी काय धरू?"

"सूर. एकच धरायचा हाय गड्या. बोटं हालवायची न्हाईत. आपल्या गिरनीच्या भोंग्याला कुटं बोटं व्हती?"

"अरे, पण मला येतंय कुठं?"

"तुझं वाजवनं कुनाला पायजे? माझ्या पोरीच्या वरातीत माझ्या बाजूचं एक मानूस वाजत यावं, एवढंच हाय. बाकी सगळी भाड्याची."

माणसाला असं कुणी म्हटलं की त्याची छाती फुगते. माझीही फुगली. त्या छातीतून पुढं किती हवा गेली आणि तिचं काय झालं, तेच सांगायला बसलोय.

घरात मी हे संध्याकाळी सांगितलं. माझा मुलगा देवदत्त एका सरकारी कार्यालयात आहे. त्याने चष्मा काढला.

"बाबा, आपण आता कॉलनीत राहतो. उद्या माझ्या साहेबांनी तुम्हाला लाल कोटात बँडमध्ये बघितलं तर?"

"तुझे साहेब माधवनगरला जैनुद्दीनच्या मुलीच्या लग्नाला येणार आहेत का?"

"प्रश्न तो नाही."

देवदत्तचा प्रश्न कधीच तो नसतो. सूनबाई विनोदिनी म्हणाली, "बाबा, त्यापेक्षा बासरी घ्या. नाही वाजली तरी भिंतीवर छान दिसते." अंबूबाईने विचारलं, "कोट त्यांचाच घालायचा का आपन शिवायचा?" या प्रश्नाचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

शेजारचे नाथाजीराव सुभेदार मात्र खूश झाले. ते पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात कुठलंही वाद्य वाजवलेलं नाही, पण पुष्कळ बँडच्या मागून चाललेले आहेत आणि त्यामुळे आपल्याला त्यातलं कळतं असं त्यांचं मत आहे. "हथियार निवडायचं काम माझ्यावर सोडा," ते म्हणाले. मी सोडलं.

दुकानात दोन क्लॅरिनेटं होती. तोंड लावायचं नाही असं ठरल्यावर सुभेदारांनी तपासणी हातात घेतली. त्यांनी पहिलं क्लॅरिनेट डोळ्याला लावून छताच्या पंख्याकडे बघितलं. मग दुसऱ्यातून बघितलं. "दोन्ही बॅरल साफ," ते म्हणाले. मग दोन्ही काउंटरवर गडगडत सोडून नळी सरळ आहे का ते पाहिलं. दुकानदाराने या सगळ्याला हरकत घेतली नाही. डोळ्याने माल उष्टा होत नसावा. शेवटी ज्याच्या चाव्या जास्त चकाकत होत्या आणि जे हाताला जड लागलं ते आम्ही घेतलं. याहून जास्त विचार मी कोयता घेतानाही केला असता.

घरी आल्यावर अंबूबाईने त्याला हळदकुंकू वाहिलं, आमच्याकडे नव्या सायकलपासून मिक्सरपर्यंत सगळ्याला वाहतात तसं. एका चावीखाली गेलेली हळद आजही तिथंच आहे. मग मी व्हरांड्यात बसून फुंकलं. आवाज आला नाही. परत फुंकलं. सुभेदार म्हणाले, "दम लावा." मी दम लावला आणि त्यातून एक शिट्टी निघाली. आत विनोदिनीने कुकरखालचा गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही कच्ची डाळ खाल्ली.

तिसऱ्या दिवशी कॉलनीचे सेक्रेटरी जोतिबाराव आले. तक्रार आली होती. कुणाची ते सांगता येणार नाही, असं त्यांनी तक्रारदाराच्या खिडकीकडे बघत सांगितलं.

"संस्थेची परवानगी काढा, नाना. अर्ज द्या."

"कुठल्या नियमाखाली?"

"तेच बघावं लागेल. आमच्या नियमात पाळीव प्राणी आहेत आणि घरगुती पिठाची गिरणी आहे. वाद्य नाही."

अक्षरओळख मला चाळिशी उलटल्यावर युनियनच्या रात्रवर्गात झाली. तेव्हापासून मी काहीही लिहिलं की पूर्ण लिहितो, घाईघाईची सही मला येत नाही. अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोन वेळा लिहून, खाडाखोड न करता. तो परत आला. लगतच्या घरांचं ना हरकत पत्र हवं होतं. एका बाजूला सुभेदार, त्यांनी दिलं. दुसऱ्या बाजूचं घर बंद, मालक मेढ्याकडे आपल्या शेतावर राहतो आणि वर्षातून एकदा कुलपाला तेल घालायला येतो. बंद घराला माझ्या वाजवण्याचा त्रास होईल का, असं मी विचारलं. जोतिबाराव म्हणाले, "त्रासाचा प्रश्न नाही. हरकतीचा प्रश्न आहे." मला वाटतं त्यांचा आणि देवदत्तचा मास्तर एकच असावा.

हे सगळं चाललं असताना वाद्य काही वाजेना. म्हणून मी ते पिशवीत घालून सांगलीची गाडी धरली.

जैनुद्दीनने ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"हे कुनी निवडलं?"

"सुभेदारांनी."

"मंग बरूबर हाय. बंदूक म्हनून ब्येस हाय."

त्याने तोंड लावलं. न पुसता, न विचारता, जसा कुणी आपल्या ताटातला घास उचलावा तसं. दोन-तीन फुंका मारल्या आणि तोंड वाकडं केलं. "अंग बरं हाय. तोंड वाईट हाय." तोंड म्हणजे माउथपीस, वरचा काळा तुकडा, ज्याला वेताची पातळ पत्ती बांधून ओठात धरायचं तो. त्याने तो उपसला आणि दारातून सरळ गटारात टाकला.

"अरे, नवा होता तो."

"नवा व्हता म्हनूनच."

मग तो आत गेला आणि मखमलीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. दुसरा माउथपीस होता, काळाभोर, वापरून गुळगुळीत झालेला.

"बाचा हाय. बा गेल्यावर मी वाजिवला. आता मला दम लागतोय, आन फरदीनला प्लास्टिकचा लागतोय. ह्यो तू घे. हितं बग, वर."

वरच्या बाजूला, जिथं समोरचे दात टेकतात, तिथं दोन उथळ खड्डे होते.

"पयलं बाच्या दातानं पडलं. मंग माझं दात त्यातच बसलं. तुजं बी बसत्याल."

"माझी वरची कवळी आहे, जैनू."

"मंग तर लय झकास. झिजायचं भ्या न्हाई."

त्याने पत्ती आपल्या तोंडात भिजवली, बांधली आणि वाद्य माझ्या हातात दिलं. मी तोंडात धरलं. कवळी त्या खड्ड्यात बसली. मी फुंकलं आणि सूर आला. गिरणीचा भोंगा लांबून, शेताच्या पलीकडून ऐकू यावा तसा. मी दम असेतोवर धरून ठेवला. जैनुद्दीनची बायको सुगराबी पिठाच्या हाताने बाहेर आली.

"कोन वाजिवतंय?"

"नाना."

"बरं हाय की," ती म्हणाली आणि आत गेली.

या वयात माणसाला फारशी प्रमाणपत्रं मिळत नाहीत. ते 'बरं हाय की' मी सांगलीपासून साताऱ्यापर्यंत सांभाळत आणलं. निघताना एक चहा आला. मी बशीतला घेतला, त्याने कपातला.

साताऱ्याला येऊन मी पाण्याच्या टाकीमागे, जिथं कुणी हरकत घेईपर्यंत वाजवता येईल तिथं, सूर धरायला लागलो. रोज थोडा लांबायचा. टाकीच्या भिंतीवर आपटून तो परत यायचा तेव्हा मला वाटायचं दोघं वाजवतोय. एक दिवस घरी येऊन मी वाद्य पुसत बसलो होतो. अंबूबाई शेजारी तांदूळ निवडत होती. तिचं लक्ष माउथपीसकडे गेलं.

"ह्ये काय, उंदरानं खाल्लंय व्हय?"

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला कौतुक सांगायचं होतं. "दात आहेत ते," मी म्हणालो. "जैनुद्दीनच्या वडलांचे. मग त्याचे."

तिचा हात तांदळात थांबला.

"मेल्याचं उष्टं तोंडात घालताय? आन त्येबी..."

"तेबी काय?"

"काय न्हाई. देवघर ह्या भिंतीपलीकडं हाय, एवढंच म्हनते मी."

विनोदिनी आतून आली. ती बी.एस्सी. आहे. "बाबा, मी धर्माचं म्हणत नाही. मी हायजीनचं म्हणते. थुंकीतून काय काय पसरतं माहीत आहे का? घरात सई आहे." सई म्हणजे माझी नात, तेव्हा दुधाच्या बाटलीवर होती. देवदत्त म्हणाला, "प्रश्न जैनुद्दीनकाकांचा नाहीच आहे." नसणारच, मला खात्री होती.

आमच्या घरात मिठापासून पडद्यापर्यंत सासूसुनेचं कधी एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. एक सोवळं म्हणत होती आणि दुसरी जंतू म्हणत होती, पण दोघी एकाच तुकड्याकडे एकाच नजरेने बघत होत्या. मी म्हणालो, "मी कापडाने स्वच्छ पुसतो." आणि विषय संपला असं समजून संस्थेच्या सभेला गेलो, कारण माझा अर्ज त्या दिवशी निघणार होता.

सभा लांबली. एकाने विचारलं की हे वाद्य चामड्याचं आहे का. एकाने विचारलं की नाना वाजवणार तर भक्तिगीत की सिनेमातलं. मी सांगितलं, एकच सूर. "एकच?" ते म्हणाले. "मग ते वाद्य कसं?" शेवटी जोतिबारावांनी तोडगा काढला. क्लॅरिनेट पिठाच्या गिरणीच्या नियमाखाली घेण्यात आलं, कारण दोन्ही चालू असताना आवाज येतो. दुपारच्या आधी एक तास, टाकीजवळ, सणवार सोडून. परवानगीचा कागद घेऊन मी घराकडे निघालो तेव्हा सुभेदारांनी दारातून सलाम ठोकला.

घरात शिरताच सायकलची ट्यूब जळल्यासारखा वास आला.

गॅसवर सईच्या बाटल्या उकळायचं पातेलं होतं. पाणी खळखळत होतं. आत माउथपीस उड्या मारत होता.

मी पकडीने बाहेर काढला. काळाभोर होता तो शेणकुटाच्या रंगावर गेला होता, हिरवट तपकिरी. ज्या सपाट बाजूवर पत्ती बसते ती कागद उन्हात वाकतो तशी वाकली होती. आणि वरचे खड्डे भरत आले होते. बोट फिरवलं तर तिथं काहीतरी होतं एवढंच कळायचं.

"झाला सोच्छ," अंबूबाई म्हणाली. तिच्या आवाजात लबाडी नव्हती. तिला खरंच वाटत होतं की तिने माझं काम सोपं केलं.

"रंग गेला वाटतं," विनोदिनी म्हणाली. "म्हणजे किती घाण होती बघा."

मी कुणावर ओरडलो नाही. ओरडायला लागणारा दम मी सुराला ठेवला होता आणि आता तो कुठं घालावा ते कळत नव्हतं. पत्ती बांधून फुंकलं तर दोन्ही बाजूंनी नुसती हवा निघून गेली. भाताच्या पेंढ्यातून वारा जावा तशी. दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सुटा तुकडा येत नाही काका, अख्खं घ्यावं लागतं." त्याने कपाटातल्या दुसऱ्या क्लॅरिनेटकडे बोट दाखवलं आणि वर म्हणाला, "तोंड न लावता." पुण्याहून मागवायचं म्हटलं तर लग्न दाराशी आलेलं.

सुभेदारांकडे उपाय होता. "फौजेत जे काळं नसतं ते काळं करतात," ते म्हणाले आणि बुटाचं पॉलिश घेऊन आले. ब्रशने घासून त्यांनी तुकडा असा चमकवला की लांबून बापजाद्यांचा वाटावा. वाजतो का म्हणून मी पुन्हा फुंकून पाहिलं. वाजला नाही, पण माझे ओठ काळे झाले, आणि ते गवळ्याने पाहिले. त्यानंतर कॉलनीत मी तंबाखूची मिसरी लावतो अशी बातमी होती.

निघायच्या दिवशी घरच्यांनी मला सल्ले दिले. देवदत्त म्हणाला, "हरवला म्हणून सांगा." अंबूबाई म्हणाली, "हातातनं पडला म्हना." विनोदिनी म्हणाली, "उन्हात राहिला म्हणा बाबा, उन्हानेही असं होतं." प्रत्येकाने आपल्या शिक्षणाप्रमाणे एकेक थाप दिली. आहेर म्हणून साडीचं पाकीटही दिलं, चांगलं भारीतलं. बरोबर कुणी आलं नाही.

गाडीत मी त्या थापा एकेक करून वाजवून बघितल्या. कराड येईपर्यंत हरवला ही बरी वाटत होती, पण तुकडा तर पिशवीत होता आणि मला तो फेकवत नव्हता. मलकापूरच्या पुढे उन्हाची थाप घेतली. इस्लामपूरला ती सोडली, कारण ऊन बुटाचं पॉलिश लावत नाही. सांगलीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्याकडे एकही थाप शिल्लक नव्हती.

जैनुद्दीनच्या गल्लीत मांडव पडला होता. बँडवाले कोट चढवत होते. माझ्यासाठी एक कोट खुंटीला टांगून ठेवला होता, लाल, पिवळ्या गोंड्यांचा, आणि त्याच्या बटणांना नव्याने दोरा घातलेला. सुगराबीने घातला असणार. मी तो अंगात चढवला. बाही मनगटाच्या वर राहिली, पण मी आरशात बघितलं आणि मला वाईट दिसलो नाही.

"आला का रं?" जैनुद्दीन धावत आला. नव्या पांढऱ्या कपड्यात, अत्तर लावलेला. "आन हिकडं. पत्ती मी बांधतो. आज हात थरथरत असत्याल तुजं."

मी पिशवी घट्ट धरली. त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली, जसं घरचं माणूस घेतं. माउथपीस काढला आणि पत्ती भिजवायच्या आधी सवयीने आपल्या तोंडात धरला. मग बाहेर काढला. ओठावर अंगठा फिरवला, अंगठा काळा झाला. त्याने तुकडा नाकाशी नेला. मग अंगठ्याने वरची बाजू चाचपली, जिथं खड्डे होते. परत चाचपली.

"उकळला?"

मी हो म्हणालो.

"कुनी?"

"घरात." आणि मग माझ्या तोंडून निघालं, "जंतूंसाठी."

मला वाटलं आता शिवी देईल. गिरणीत मागाचा धोटा तुटला तरी तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि ते ऐकून मला बरं वाटायचं. त्याने शिवी दिली नाही. तुकडा मखमलीत गुंडाळला आणि खिशात घातला.

"व्हय," तो म्हणाला. "जंतू लय वाईट."

मग त्याने फरदीनला हाक मारली. "सुराचं काय तरी बग. नाना दमलेत."

दमलेत. इतक्या वर्षांत त्याने मला अहो-जाहो केलं नव्हतं. ते मी बँडच्या गडबडीत ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

फरदीनकडे उपाय तयार होता. बँडच्या हातगाडीवर कॅसिओ होता, बॅटरीवर चालणारा कीबोर्ड. त्याने त्याची एक पट्टी दाबली आणि फटीत काड्यापेटीतली एक काडी मोडून खोचली. पट्टी खाली अडकून राहिली. सूर सुरू झाला, न थांबणारा, दम न लागणारा. माझ्या सुरापेक्षा चांगलाच होता. "झालं चाचा," फरदीन म्हणाला आणि नवऱ्या मुलाला आणायला बँड चौकाकडे निघाला. मी कोट काढून खुंटीला लावला. गोंडे नीट केले.

मला मांडवात पुढची खुर्ची मिळाली, पावण्यांच्या रांगेत, एका बाजूला एक फळवाला बागवान आणि दुसऱ्या बाजूला नगरपालिकेचे कोणी साहेब. गळ्यात हार पडला. अत्तर लागलं. वरात आली, बँडची हातगाडी मांडवात लागली, जैनुद्दीनने दारात व्याह्यांचा हात धरला, त्यांच्या गळ्यात पडला. सुमैराला मी लांबूनच बघितलं, ती मान खाली घालून होती. सगळं फार चांगलं झालं. कुणालाही काही कमी पडलं नाही. देवदत्तच्या साहेबांनी बघितलं असतं तरी त्यांना अभिमान वाटला असता.

जेवणाच्या वेळी जैनुद्दीन स्वतः आला. "तुमचं वायलं केलंय. बामनाचा आचारी बोलावला हुता. भांडी बी त्याचीच हायत."

"जैनू, मी तुझ्या घरात जेवलोय की."

"जेवलाय. तवा मला ठावं नव्हतं."

मी जेवलो. जेवण सपक नव्हतं, तिखटही नव्हतं. मग मंडळी पांगली आणि तो चहा घेऊन आला. एका हातात कपबशी, कोरी, दुकानातनं आणलेली. कपाच्या बुडाला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. पांढरा कप, निळ्या फुलाचा. सांगलीत तसाच कुठं मिळाला कुणास ठाऊक, शोधला असणार.

"घ्या, नानासाहेब," तो म्हणाला. "नवा हाय. कुनाचं तोंड लागलेलं न्हाई. तुमच्यात ठेवतात तसा वायला ठेवीन म्हनलं. मानाचा."

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मला काही म्हणता आलं असतं. तो बसलाही नाही. शेजारी उभा राहिला, हात पुढे बांधून, पावण्यापुढे यजमान उभा राहतो तसा.

मी अर्धा चहा बशीत ओतला. बशी माझ्याकडे ठेवली आणि कप त्याच्याकडे सरकवला.

"घे की."

"न्हाई, घ्या तुमी," तो म्हणाला. तेवढ्यात दारात कुणीतरी निरोप घ्यायला आलं आणि तो त्यांच्याकडे गेला.

मी बशीतला चहा प्यायलो. कपातला तसाच ठेवला. त्यावर साय धरली. तो परत येईल म्हणून मी शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत बसलो होतो, आणि मांडवात तोपर्यंत तो एक सूर वाजत होता, कारण कॅसिओतली ती काडी कुणी काढली नव्हती.